अर्धं बोट

मोतीरामचा होत आलेला हात नारायणरावांनी हुकमाच्या एक्क्याने कापला. मोतीराम त्यांचा भिडू होता. म्हणजे आपल्याच माणसाचा हात आपणच कापायचा आणि वर त्यासाठी एक्का खर्च करायचा, असा हा प्रकार झाला. दिव्यांच्या आवशीची दुपार होती, पंचेचाळीस सालचा आषाढ त्या दिवशी संपत होता. आषाढात खामगावच्या कापूसबाजाराला काम नसतं. शेतात कपाशी गुडघ्याखाली असते, सरकी काढायच्या जिनांची धुराडी थंड असतात, आणि एरवी तोंडाला फेस येईस्तोवर ओरडणारे दलाल बाजाराच्या कचेरीत सतरंजीवर पत्ते कुटत बसतात. कपाटावर रेडिओ होता. लढाई सुरू झाली तेव्हा भाव कळावेत म्हणून बाजाराने तो घेतला होता, आणि आता तो घरातल्या म्हाताऱ्यासारखा आपला बोलत असायचा, कोणी ऐको न ऐको. त्या वेळी इंग्रजी बातम्या चालल्या होत्या. नारायणरावांना इंग्रजी येत नव्हतं. पण त्या न समजणाऱ्या बोलण्यातून एक शब्द एकदम ओळखीचा निघाला, आणि हातातलं पान भलतीकडे पडलं.

"काऊन बे नारायण, भांग पिऊन बसला का?" मोतीराम ओरडला. "माह्याच हातावर एक्का मारून राह्यला!"

"ध्यान नोतं."

"ध्यान काय सासुरवाडीले गेलं होतं?"

सगळे हसले. नारायणरावही हसले. मग त्यांनी कचेरीचे कारकून किसनराव यांना विचारलं, की आता रेडिओवर काय सांगितलं. किसनराव मॅट्रिक होते आणि इंग्रजी बातमी सांगताना चष्मा कपाळावर चढवायचे. ते म्हणाले, "अमेरिकेनं जपानच्या एका गावावर बॉम टाकला म्हनते. हिरोशिमा का काय नाव हाय. एकच टाकला, आन् गाव साफ."

"गाव केवढं?"

"मोठंच अशीन. अकोल्यापेक्षा मोठं."

"एका बॉमनं?" मोतीरामने पत्ते पिसता पिसता विचारलं. "गप्पा हानून राह्यले. अकोल्याचा एक किल्ला पाडाले चार दिवस लागतीन."

डाव पुन्हा वाटला गेला. नारायणरावांनी पानं उचलली, नीट लावली, आणि पुढचे सगळे हात शहाण्या माणसासारखे खेळले. त्यांच्या लक्षात एवढंच आलं की या खोलीत, बहुतेक या सबंध गावात, ते नाव आजच्या आधी ऐकलेला माणूस आपण एकटेच आहोत. यात काही अभिमान वाटण्यासारखं नव्हतं. भीतीही वाटली नाही. अंगात थोडं कमी झाल्यासारखं वाटलं, पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं.

लढाईच्या आधी जपानी कंपन्यांचे खरेदीदार खामगावात कापूस घ्यायला यायचे. त्यातला एक ओकुदा. बाजाराने त्याचा अकूदादा केला, कारण बाजाराला कोणाचंही नाव आहे तसं चालत नाही. ठेंगणा, गोरा नव्हे तर पिवळसर, अंगात पांढरा कोट, डोक्यावर टोपी, आणि कापसात हात घातला की डोळे मिटून घ्यायचा. त्याची हिंदी बंबईची होती, आणि वऱ्हाडीतला एकच शब्द त्याला आवडला होता: काऊन, म्हणजे का. कापसाची बैलबंडी उशिरा आली की, काऊन? पाऊस पडला, काऊन? नारायणरावांच्या घरी जेवताना त्यांच्या बायकोने, सत्यभामेने, जास्त तूप वाढलं की तो ताटावर हात आडवा धरून तिलाही विचारायचा, काऊन? ती लाजून आत पळायची आणि चुलीपुढे बसून हसायची. त्या काळी भाव बोलून ठरत नसे. दलाल आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायचे. बोटं दाबून भाव. सबंध बोट म्हणजे एक, अर्ध्यावर दाबलं की अर्धा. वरून तोंडं अशी असायची जणू दोघे पावसापाण्याचं बोलताहेत. कोणाचा भाव काय, हे रुमालाबाहेर कोणाला कळायचं नाही. दलाल म्हणून अकूदादाबरोबरच्या पहिल्याच सौद्यात नारायणरावांच्या हाती त्याचं पहिलं बोट आलं आणि मध्येच संपलं. त्यांनी अर्धा धरला. शेतकऱ्याला भाव सांगितला तर तो उखडला, म्हणाला, हा जपान्या लुटून राह्यला, उचला बंडी. गलका झाला. तेव्हा अकूदादाने या बाजारात कोणी कधी केलं नव्हतं ते केलं. रुमाल काढला आणि हात वर करून सगळ्यांना दाखवला. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मधल्या पेरापासून नव्हतं. त्याच्या गावच्या सूतगिरणीत, मिसरूड फुटायच्या आत, यंत्राने नेलं होतं. "पूरा है," तो म्हणाला, "मेरा इतना ही पूरा है." लोक इतके हसले की शेतकऱ्याने त्याच भावात बंडी खाली केली. त्या दिवसापासून अकूदादा सौदा करताना नारायणरावांनाच शोधायचा, आणि नारायणरावांना ते अर्धं बोट आपल्या बोटांइतकं पाठ झालं.

गाव कुठलं, हेही त्यानेच सांगितलं होतं. रुईच्या ढिगावर त्याने उजवा हात पंजा पसरून ठेवला आणि म्हणाला, हे आमचं गाव. बोटांच्या मधून नद्या जातात. समुद्राला मिळायच्या आधी एका नदीच्या अनेक होतात, आणि गाव त्यांच्या मधल्या जागेत आहे. घर इथं, असं म्हणून त्याने त्या अर्ध्या बोटाच्या टोकाशी दाखवलं. इथं आई. हिरोशिमा. त्याने हात उचलल्यावर रुईत पंजा उमटून राहिला होता, आणि मग हमालाने ती गोणीत भरली.

एकेचाळीस साली जपान्यांचं बस्तान उठलं. जाताना अकूदादा भेटायला आला आणि परत आईजवळ जाऊन राहणार म्हणाला. त्यानंतर लढाई त्यांच्याशीच सुरू झाली. नारायणरावांचा मुलगा उत्तम फौजेत भरती झाला, सामानसुमान पोचवणाऱ्या पलटणीत, आणि ब्रह्मदेशात गेला. म्हणजे नारायणरावांचा मुलगा एका बाजूला आणि त्यांचं अर्धं बोट दुसऱ्या बाजूला. असं काही त्यांना तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा त्यांना फक्त टपालवाल्याची सायकल ऐकू यायची.

कचेरीतून घरी जाताना त्यांनी हिशेब लावून पाहिला. एखाद्या ओळखीच्या माणसाच्या मरणाची बातमी कानावर पडली की घरात शिरायच्या आधी अंगावरून पाणी घ्यायचं. नातं असेल तर सुतक, नसेल तर नुसती आंघोळ. त्याशिवाय देवाला शिवायचं नाही. लहानपणापासून हे त्यांनी कधी विचार न करता केलं होतं. पुष्कळदा तर कोण गेलं हे विसरून नुसती आंघोळ लक्षात राहायची. आता पंचाईत अशी होती की बातमी गावाची होती, माणसाची नव्हती. एवढ्या गावात एखादा परगावी गेलेला असतो. एखादा बोटीवर असतो. उद्या आपण आंघोळ केली तर आपणच त्याला मेला असं म्हटल्यासारखं होईल, आणि जित्या माणसाच्या नावाने आंघोळ करणं याला काही माफी नाही. न करावी, तर मेलेल्या माणसाचा विटाळ अंगावर घेऊन घरात शिरायचं. वस्तीतला नळ वाटेतच होता. तिथे ते थांबले, पायांवर पाणी घेतलं, आणि डोक्यावर घेतलं नाही. पायांवर घेतलेल्या पाण्याला काही अर्थ नसतो, हे त्यांना माहीत होतं.

घरी सत्यभामाबाईंनी पितळेचे दिवे घासून पाटावर मांडले होते. भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवला होता. लेकरांना आयुष्य मागायची ती देवी, तिच्यापुढे त्या दरवर्षी आवशीला दिवा लावायच्या, आणि उत्तम पलटणीत गेल्यापासून हात जरा जास्त वेळ जोडून ठेवायच्या. त्या म्हणाल्या, "अवो, देवाले दिवा लावा."

"तूच लाव वं. पाय चिखलाचे हायत."

"धुतले ना तुमी, पानी गळून राह्यलं."

"तूच लाव."

तिने लावला. तिच्या बोलण्यात संशयाचं काही नव्हतं. मग रात्री जेवताना तिने पुन्हा आठवण दिली, की लढाई थांबली आणि पोरगा जिता राहिला की श्रावणात पुनवेला सत्यनारायण करायचा, तिने बोललेलं आहे, आणि पूजेला तुम्हालाच बसायचं आहे. नारायणरावांनी हाव म्हणून मान डोलावली. तिने आणखी एक भाकरी वाढली. त्यांना वाटलं सांगून टाकावं. पण तिला काय सांगायचं? लढाई लवकर संपणार, हेही त्याच बातमीत होतं. एकाच ताटात दोन्ही वाढून आलं होतं, आणि त्यातलं एकच उचलून तिच्या हातावर ठेवायची सोय नव्हती. ती आनंदाने रडली असती की दुसऱ्या कारणाने, हे ओळखणं त्यांना जमलं नसतं. शिवाय अकूदादासाठी ती एकदा रडून चुकली होती.

ती गोष्ट अशी. बाजाराच्या आवारात कडुनिंब होता आणि त्यावर कावळ्यांची घरटी. एका हंगामात अकूदादा त्याखाली उभा असताना एका कावळिणीने झेप घेऊन त्याच्या डोक्याला पाय लावला, टोपीच उडाली. बाजारात सगळ्यांचे हात रुमालाखालीच थांबले. कावळ्याने डोक्याला पाय लावला म्हणजे त्या माणसाचं मरण जवळ आलं, आणि त्याला आपल्या लोकांत एकच उपाय: त्याच्या घरी तो मेल्याची खोटी खबर धाडायची. तिकडे रडारड होते, लोक आंघोळी करतात, मग मागून खरी खबर जाते. रडणं एकदा होऊन गेलं, मग मरणाला यायचं कारण राहत नाही. मोतीरामने हे सगळं अकूदादाला समजावून सांगितलं आणि म्हणाला, कर तार आपल्या आईले. अकूदादाने विचारलं, काऊन? मग नीट कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, आई म्हातारी आहे, खोटी खबर खरी समजून ती खरीच मरेल. इथं माझं कोण आहे रडायला? हे तो हसत म्हणाला होता, पण संध्याकाळी जेवायला आला तेव्हा दर घासाला छपराकडे बघत होता. सत्यभामेने नारायणरावांकडून सगळं काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या आडावर गेली. कोणाची म्हैस आणि कोणाला ऊठबैस, असं शेजारणी म्हणाल्या. ती म्हणाली, त्याची माय इथं नाही, म्हणून कोणीतरी रडलं पाहिजे. नाव आणि गाव पूर्ण घ्यायचं असतं, नाहीतर कोणासाठी रडताय ते वर कळायचं कसं? म्हणून तिने नवऱ्याला विचारून ते दोन्ही पाठ केलं होतं. हिरोशिमा गावचा ओकुदा गेला वो, असं मोठ्याने म्हणून ती रडायला लागली, आणि तिला रडू येईना. नारायणराव दाराआड उभे होते. त्यांना हसू येत होतं. ती नुसता आवाज काढत होती, पोळ्याला बैल हाकलल्यासारखा. मग एकाएकी आवाज बदलला. ती खरं रडायला लागली, इतकं की शेजारणी धावत आल्या. रात्री त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, त्याच्यासाठी येईना, म्हणून कमळीला आठवलं. कमळी त्यांची पहिली मुलगी, तापात गेली होती, बोलायलाही लागली नव्हती. नारायणरावांना त्या रात्री बायकोबद्दल जे वाटलं त्याला नाव देता आलं नाही, आणि त्यांनी दिलंही नाही. अकूदादाला कळलं तेव्हा तो सत्यभामेच्या पाया पडला, जपानी पद्धतीने, कमरेत वाकून, बराच वेळ. त्यानंतर चार हंगाम तो धडधाकट होता. लोक म्हणायचे, सत्यभामेच्या आसवांवर चाललाय.

तेच आता पुरावं, असं नारायणरावांना पुढचे काही दिवस वाटत राहिलं. एकदा रडणं होऊन गेलेलं आहे. कावळ्याचा हिशेब चुकता झालेला आहे. पण बॉम कावळ्याला ओळखत असेल का, हा प्रश्न त्यांना एकदा नळावर उभं असताना पडला आणि त्यांनी तो सोडून दिला. आणखी एका गावावर दुसरा बॉम पडला, ते गाव त्यांच्या ओळखीचं नव्हतं, आणि त्यांना स्वतःचा राग आला की त्या दुसऱ्या गावाचं आपल्याला काहीच कसं वाटलं नाही. तिथेही कोणाचं तरी घर कुठल्या तरी बोटाच्या टोकाशी असेलच. वर्तमानपत्रात आलं की लोकांच्या सावल्या दगडावर राहिल्या. किसनरावांनी ते मोठ्याने वाचलं. मोतीराम म्हणाला, "सावली राह्यली म्हंजे मानूस लांब नसन गेला," आणि मग स्वतःच गप्प बसला. पण गाव असं फार वेळ गप्प राहत नाही. दोन-चार दिवसांत त्या बॉमचं नाव स्वस्त झालं. हॉटेलातल्या तिखट भज्याला ॲटम म्हणायला लागले. आठवडी बाजारात तंबाखूवाला आपल्या पुडीला तेच नाव देऊन ओरडत होता. गल्लीत पोरं चिखलाचे गोळे आदळून हिरोशिमा, हिरोशिमा म्हणून नाचत होती, आणि कोणाच्या तरी आईने त्यातल्या एकाला धपाटा घातला, कपडे खराब केले म्हणून. नारायणराव त्यांच्याजवळून छत्री उघडून गेले. पाऊस नव्हता.

त्याच दुपारी ते घरी आले तेव्हा सत्यभामाबाईंचे केस ओले होते. अंगणात दांडीवर लुगडं वाळत टाकलेलं. मधल्या वारी, सणवार नसताना ती कधी डोक्यावरून न्हायची नाही. त्यांनी पाहिलं आणि मनात काही घेतलं नाही. माणसाच्या डोक्यात एक गोष्ट भरली की दुसरी समोर उभी असली तरी तिला बसायला सांगत नाही.

ते स्वतः मात्र देवघरापासून दूर राहत होते. सकाळी लवकर बाहेर पडायचे, उशिरा यायचे, फुलं आणायचे ती दारातच ठेवायचे. पूजा तिच्याकडून व्हायची. त्यांना वाटत होतं की आपण मोठ्या शिताफीने चालवलंय. कचेरीत एक दिवस नारायणरावांनी किसनरावांना सहज विचारावं तसं विचारलं, की त्या गावातले काही लोक वाचले असतील की नाही. किसनराव म्हणाले, "काही वाचले म्हनते. पन वाचलेलेही मरून राह्यले. अंगाले काहीच झालेलं नाई आन् मरून राह्यले. डॉक्टरले समजून नाई राह्यलं." यावर नारायणरावांनी मान हलवली. मरण आलं आणि गेलंही नाही, असं ते होतं. अशा मरणाला आंघोळ कधी करायची, हे कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नसणार.

मग जपान शरण आला. बुलढाण्याहून हुकूम आला की बाजारावर दिवे लावा. कंट्रोलच्या दिवसांत कुठून कोण जाणे साखर आली, आणि मोतीरामने ती ओंजळभर घेऊन नारायणरावांना गाठलं. "आऽ कर बे! उत्तम वापस येऊन राह्यला!" त्याने साखर त्यांच्या तोंडात कोंबली, मिठी मारली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मोतीरामला मूल नव्हतं. उत्तमला त्याने खांद्यावर घेऊन बाजारभर फिरवलं होतं. नारायणरावांना आनंद झाला, तो खरा होता, छातीतून वर आला आणि घशात साखरेशी भेटला. मुलगा जिता होता. तो येणार होता, त्याच्या मिशा वाढल्या असणार, तो आईच्या पाया पडणार होता. हे सगळं त्यांना दिसत होतं, आणि त्याच वेळी जीभ साखर इकडून तिकडे करत होती, गिळत नव्हती. शेवटी ती आपोआप विरघळली. साखरेचा हाच दोष आहे, ती थांबत नाही.

पुनवेच्या पहाटे सत्यभामाबाईंनी बंबात पाणी तापवलं, चौरंगाला केळीचे खांब बांधले, शेजारच्या बायकांना निरोप धाडले. भटजी दुपारच्या आत येणार होते. नारायणराव न्हाणीच्या दारात धोतर घेऊन उभे राहिले. आजची आंघोळ पूजेची. पण ती डोक्यावरून घ्यायची होती, आणि डोक्यावरून पाणी पडलं की ते कशासाठी पडलं हे त्यांना स्वतःपासून लपवता येणार नव्हतं. न सांगता आंघोळ केली तर ती चोरून केलेली. न करता चौरंगापुढे बसावं, तर मुलाच्या आयुष्याच्या पूजेला विटाळ घेऊन बसल्यासारखं. इतके दिवस त्यांनी हे पुढे ढकललं होतं, आणि आता ढकलायला पुढे जागाच नव्हती. पाठच्या भिंतीला टेकून ते म्हणाले, "मले पूजेले बसता येत नाई."

"काऊन?" ती म्हणाली. त्या शब्दाने त्यांना जास्तच त्रास झाला.

"अकूदादाचं गाव. तो बॉम पडला ते त्याचंच गाव हाय. तो असन नसन, मले ठाव नाई. म्या आंघोळ नाई केली. करावं का नाई, समजून नाई राह्यलं. आन् तसाच घरात फिरून राह्यलो."

सत्यभामाबाई चुलीतलं लाकूड मागे ओढत होत्या. त्यांनी ते नीट विझवलं, धूर निघेपर्यंत वाट पाहिली. "मले मालूम हाये," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"गल्लीत पोट्टे चिल्लावून राह्यले होते ते नाव. म्या घेतलेलं नाव हाय ते, आडावर. मी कशी विसरीन?"

नारायणरावांना ते ओले केस दिसले, दांडीवरचं लुगडं दिसलं. इतक्या उशिरा.

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी सांगतलं काय?" ती म्हणाली. त्यात राग नव्हता. मग पदराने हात पुसत ती पाटावर बसली. "मी म्हटलं, पुन्हा खोटं रडून घ्यावं. तवा वाचला, तसा आताही वाचन. म्हनून गेली आडावर, दुपारची, कोनी नसताना. नाव घेतलं, गाव घेतलं. मांगच्या वक्ती रडू येतच नोतं. कमळीले आठवा लागलं होतं."

"हाव."

"यावक्ती कोनालेच आठवा नाई लागलं."

बंबाखाली निखारा फुटल्याचा आवाज झाला. सत्यभामाबाई उठल्या. "म्हनून समजलं मले," त्या म्हणाल्या, "का ते खोटं नोतं. चला. आंघोळ करा. मी टाकतो पानी." आणि त्यांनी न्हाणीत येऊन लग्नात हळद उतरवताना टाकलं असेल तेवढंच, त्यानंतर पहिल्यांदा, नवऱ्याच्या डोक्यावर तांब्याने पाणी टाकलं. नारायणरावांनी डोळे मिटले. पाणी फार गरम होतं. त्यांनी तसं सांगितलं नाही. ते रडत होते, आणि पाण्यामुळे ते दिसत नाही याचा त्यांना काही उपयोग नव्हता, कारण जिला दिसायचं तिला दिसतच होतं.

दुपारी घर भरलं. मोतीराम सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता आणि प्रसादाच्या शिऱ्यात केळी किती पडली याची चौकशी करत होता. भटजींनी उपरण्याची आणि पदराची गाठ मारली. नारायणराव चौरंगापुढे बसले, सत्यभामाबाई त्यांच्या उजव्या हाताला. संकल्प सुरू झाला. श्रावण महिना, पौर्णिमा, अमुक गोत्र, उत्तम नावाच्या पुत्राला आयुष्य आणि आरोग्य. भटजी म्हणाले, "हातावर पाणी घ्या. बाई, तुम्ही यजमानांच्या हाताला हात लावा." तिने हात पुढे केला तेव्हा गाठ मारलेलं उपरणं घसरून दोघांच्या हातांवर पडलं. कोणी ते उचललं नाही. त्याखाली तिचा हात त्यांच्या तळव्याजवळ आला, थोडा चाचपडला, आणि अंगठ्याजवळच्या बोटाशी थांबला. तिने ते मधल्या पेरावर धरलं आणि दाबलं. ती बाजारात कधी उभी राहिली नव्हती. तिला भाव माहीत नव्हते. पण ताटावर आडवा धरलेला अकूदादाचा हात तिने तूप वाढताना पाहिला होता, आणि ते बोट कुठे संपतं हे तिला ठाऊक होतं. नारायणरावांना सौदा कळतो तसं कळलं, वर तोंडावर काही न दाखवता. मग तिचा हात हळूच कलला आणि त्याबरोबर त्यांचाही. तळहातावरचं पाणी बोटांच्या टोकांवरून न जाता अंगठा आणि ते बोट यांच्या मधून ताम्हणात पडलं.

"अं हं हं!" भटजी दचकले. "नारायणराव, इकडून नाही. ती बाजू पितरांची. शुभकार्य आहे."

"चुकलं, महाराज," नारायणराव म्हणाले.

"पुन्हा घ्या पाणी. बोटांवरून सोडा."

सत्यभामाबाईंनी पळीने पुन्हा पाणी घातलं. हे नारायणरावांनी उत्तमच्या नावाने सोडलं, सरळ, बोटांच्या टोकांवरून, जसं सोडायचं तसं. मोतीरामने मोठ्याने जय म्हटलं. पहिलं पाणी ताम्हणात पडलेलंच होतं, आणि दुसरं त्यात मिसळलं.